साळूबाईच्या नावाची उचकी

मारुतीच्या पारावर नऊ पोरी ओळीनं बसल्या होत्या आणि नऊही जणी उचक्या देत होत्या. एकीची संपायच्या आत दुसरीची सुरू व्हायची. मध्येच कधी सगळ्यांची एकदम यायची, तेव्हा समोरची माणसं नकळत मागं सरकायची. सकाळचे दहा वाजले असतील. हुरड्याचे दिवस, शेतात कामं पडलेली, पण त्या शुक्रवारी आमच्या चिंचटाकळीत कोणी शेताकडं फिरकलं नव्हतं. दारांना कड्या घालून सगळं गाव पारापुढं येऊन बसलं होतं आणि कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

पोरींच्या मागं मच्छिंद्रबाबा उभा होता. कमरेला भगवी लुंगी, अंगात कुणाचा तरी जुना लोकरी कोट, कपाळभर शेंदूर आणि हातात तांब्या. बाबा गावचा नव्हता. दोन दिवसांपूर्वी तो एस.टी.तून उतरला, हॉटेलात तीन कप चहा प्याला आणि चौथ्या कपाला त्यानं जाहीर केलं की या गावावर सावली पडली आहे. गावातल्या उचक्यांची बातमी त्याला तिसऱ्या कपाला लागली होती, हे हॉटेलवाल्यानं मला त्या शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं.

"उचकी म्हंजे काय?" बाबानं गर्दीला विचारलं. "उचकी म्हंजे आठवणीचा धागा. तिकडं तुमची मावशी आठवण काढती, इकडं तुमाला उचकी लागती. बराबर हाये का न्हाई?"

"बराबर," गर्दी म्हणाली.

"मावशीचं नाव घेतलं की उचकी थांबती. बराबर?"

"बराबर."

"मंग ह्या लेकरायची का थांबत न्हाई? कारण आठवण काढणारी मावशी न्हाई. तिच्या पोटात काळं हाये. धागा तिच्या हातात हाये आन् ती वढून राह्यली. तिचं नाव सापडलं की धागा तुटला. बराबर?"

"बराबर," गर्दी पुन्हा म्हणाली. दोन बराबर खरे मिळवायचे आणि तिसरा खोटा त्यांच्या गर्दीत घुसवून पार करायचा, एवढीच बाबाची विद्या होती. पण त्या वेळी हे कोणाच्या ध्यानात येणार. माझ्याही आलं नाही.

बाबानं पहिल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ही बेबीनंदा, कडूबाची थोरली, सातवीतली. तो एकेक नाव घेऊ लागला. "उषाबाई." बेबीनंदाला उचकी आली. "चांगुणाबाई." पुन्हा आली. ज्या बाईचं नाव निघे ती गर्दीत श्वास धरून बसे, आणि उचकी आली की पदरानं तोंड पुसे. अशी दहा-बारा नावं झाली. मग बाबानं तांब्या पुढं केला. "आता तीर्थ घे बाळ. नाक दाबून धर. सात घोट, मधी थांबायचं न्हाई." पोरीनं नाक दाबलं. पाचव्या घोटाला बाबा खच्चून ओरडला, "साळूबाई."

बेबीनंदानं तांब्या खाली ठेवला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडं बघत होतो. उचकी आली नाही.

मग दुसरीला तीर्थ, तेच नाव, आणि थांबली. तिसरीला, चौथीला. सहाव्या पोरीपासून पुढं तर तीर्थही लागलं नाही, नुसत्या नावानं पोरी गप्प झाल्या. पारावर अशी शांतता पडली की हापशाचं टपटपणारं पाणी ऐकू येऊ लागलं. मग एकेक मान मागं वळली. शेवटच्या रांगेत, निंबाखाली साळूबाई बसली होती. तिच्या आजूबाजूच्या बाया कधी उठून गेल्या होत्या ते तिलाही कळलं नव्हतं.

"धागा आज तुटला, पण ती पुन्हा बांधंल," बाबा म्हणाला. "तोंडानं मंतर म्हणती तवर बांधंल. समोरचे दात पाडले की मंतर फुटत न्हाई. उद्या शनवार हाये, मारुतीचा दिस. उद्या सकाळी."

यावर मात्र बराबर कोणी म्हणालं नाही. पण नाहीही कोणी म्हणालं नाही.

आता मी कोण ते सांगते. मी त्या गावची नर्स. हसनाबादच्या बाजारापासून दोन कोसांवर चिंचटाकळीचं उपकेंद्र, दोन खोल्या आणि एक लोखंडी खाट, आणि त्यात मी एकटी. साल अठ्ठ्याऐंशी, मला सव्विसावं चालू होतं. गाव मला सिस्टर म्हणायचं. माझे वडील जुन्या जालन्यात आडतीवर हमाली करायचे. माझ्या जन्माआधीच, छप्पन साली, आमच्या घरातला देव्हारा गेला आणि बाबासाहेबांचा फोटो आला. बुवा-बाबाला भ्यायचं नाही हे मी पाळण्यापासून ऐकलेलं. पण ऐकणं वेगळं आणि तीनशे माणसांच्या मध्ये एकटीनं उभं राहणं वेगळं. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी पार भ्याले होते.

आणि माझ्या भिण्याला आणखी एक कारण होतं. साळूबाईचं नाव पहिल्यांदा घेतलं ते बाबानं नाही, मी घेतलं होतं.

सोमवारी शाळेत धनुर्वाताची इंजेक्शनं होती. सातवीच्या मुली ओळीत उभ्या, तोंडं वाळलेली. पहिली बेबीनंदा. सुई बघूनच तिला उचकी लागली. मला हसू आलं. पोरीचा जीव रमावा म्हणून मी म्हणाले, "कोण आठवण काढतंय गं बेबे? मामी?" उचकी. "आज्जी?" उचकी. मागच्या मुली खिदळायला लागल्या. मी दंडावर कापूस फिरवला, तोंडाला येईल ते नाव घेतलं, "साळूबाई?" आणि त्याच क्षणी सुई टोचली. पोरीनं श्वास ओढला तो धरूनच ठेवला. उचकी थांबली. सगळा वर्ग हसला, मीही हसले.

साळूबाईच का? कारण ती गावची दाई. या सगळ्या मुली तिच्या हातावर जन्मलेल्या. मी या गावात आले तेव्हा नाळ कापायचं ब्लेड उकळून घ्यायला मी तिला शिकवलं आणि अडलेल्या बाईशी बोलायचं कसं ते तिनं मला शिकवलं. दिवसातून दहा वेळा तिचं नाव माझ्या तोंडात असायचं, तसंच तेव्हाही आलं.

दुपारच्या सुट्टीत आणखी तिघींना उचकी लागली. मंगळवारी प्रार्थनेला सहा जणी. बुधवारी नऊ झाल्या आणि हेडमास्तरांनी शाळेला सुट्टी देऊन टाकली. मंगळवारी संध्याकाळी हापशावर बायांची कुजबुज माझ्या कानावर आली होती, "सुईनं झालं म्हणतेत." मी खोलीत जाऊन कडी लावली आणि पिशवी भरायला घेतली. बुधवारी सकाळी त्याच हापशावर दुसरं ऐकलं, "सुईनं न्हाई. पोरी म्हणतेत, शाळेत साळूबाईच्या नावाला थांबल्ती." पोरींनी घरी सांगितलं, आयांनी घरोघर तेच नाव घेऊन बघितलं, कुठं थांबली, कुठं नाही. जिथं थांबली तिथली गोष्ट गावभर झाली. जिथं थांबली नाही ती बाई गप्प राहिली.

आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं. माझ्यावरचं दुसरीवर गेलं होतं. मी भरलेली पिशवी रिकामी केली आणि दोन दिवस कोणाशी काही बोलले नाही. त्याच बुधवारी बाबा गावात उतरला होता.

शुक्रवारी पारावरून परतताना माझे पाय चालत होते आणि डोकं मागंच राहिलं होतं. नाक दाबून सात घोट. ट्रेनिंगला आमच्या मेट्रननं शिकवलेलं, छातीखालच्या पडद्याला झटके बसतात ती उचकी, श्वास कोंडला की बहुतेक वेळा पडदा शांत होतो. म्हणजे सोमवारी माझ्या सुईनं जे झालं तेच आज बाबाच्या तांब्यानं झालं. मग मला आणखी एक गोष्ट आठवली आणि मी रस्त्यात थांबले. उषाबाईच्या नावाला त्यानं पाणी दिलं नव्हतं. चांगुणाबाईच्याही नाही. दहा-बारा नावं कोरडी, आणि पाणी फक्त एका नावाला. पहिल्या पाच जणींची थांबलेली बघून पुढच्यांची मग नुसत्या नावानंच थांबली.

मी तशीच कडूबाच्या घरी गेले. कडूबा गोठ्यात होता. बेबीनंदा मागच्या अंगणात एकटी हुरडा खात बसली होती. मी भिंतीआडून बराच वेळ बघितलं. एकही उचकी नाही. तेवढ्यात शेजारची बाई डोकावली, "कसं हाये गं पोरीचं?" आणि पोरीला उचकी लागली. बाई हळहळत निघून गेली.

मी तिच्याशेजारी बसले. "बेबे, तुझी कधी थांबली गं?"

ती दाणे चोळत राहिली. "सोमवारीच थांबल्ती," ती म्हणाली. "पण प्रार्थनेला बाकीच्यायची आली. समद्या माझ्याकडं बघून राह्यल्या व्हत्या. मंग मला बी आली."

"मुद्दाम काढली?"

"मुद्दाम न्हाई. म्हंजे आधी मुद्दाम. मंग आपोआप याया लागली." तिचे डोळे भरले. "माझी खोटी असंल, सिस्टर. पण बाकीच्यायची खरी हाये."

मी आणखी चार घरं फिरले. चारही पोरी थोड्याफार फरकानं तेच बोलल्या. माझी कमी झालीये, माझी एकटी असले की येत नाही, पण बाकीच्यांची खरी आहे. कोणी ढोंग करत नव्हतं. भ्यालेल्या लेकरांना भीतीनं उचकी येत होती, आणि प्रत्येकीला आपण सोडून इतर आठ जणींची खात्री होती.

मग वाटलं, मोठ्यांना विचारू. मी गोठ्यात कडूबाकडं गेले. "कडूबाभाऊ, साळूबाईनं केलं असं वाटतं तुम्हाला?"

"म्या कुठं म्हणतो?" तो वैरण टाकत म्हणाला. "माझी बेबी तिच्याच हातावर झाली. पण गाव म्हणतंय न."

हेडमास्तर म्हणाले, "माझा वैयक्तिक विश्वास नाही हो. पण गाव म्हणतंय." उषाबाईनं तर माझा हात धरून सांगितलं की साळूबाई देवमाणूस आहे, पण गावाच्या पुढं कोण जाणार. शेवटी मी पोलीस पाटलांकडं, अप्पारावांकडं गेले. वयस्क, शांत माणूस. त्यांनी मला बाजेवर बसायला सांगितलं आणि आपण उभे राहिले.

"पाटील, ठाण्यात कळवा. उद्या तिचे दात पाडणार आहेत."

"ठाण्यात जाऊन काय सांगू? उचकीची फिर्याद?" ते म्हणाले. "मला बी ते पटत न्हाई, सिस्टर. बिलकुल पटत न्हाई. पण मी एकटा. गाव म्हणतंय."

दुपारचे चार वाजेपर्यंत मी ते गाव शोधत हिंडले, ज्याचं म्हणणं होतं की साळूबाईनं केलं. ते मला कुठल्याच घरात भेटलं नाही. प्रत्येक माणूस शेजाऱ्याच्या घराकडं बोट दाखवत होता. मी स्वतःही गेले तीन दिवस तेच केलं होतं.

साळूबाईचं दार लोटलेलं होतं. ती चुलीपुढं बसली होती, चूल विझलेली. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या सुईचं, पाण्याचं, पोरींचं. तिनं ऐकून घेतलं.

"बाई, मला बी आता वाटून राह्यलं की म्याच केलं असंल," ती म्हणाली. "एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?"

"साळूबाई, असं काय बोलता."

"न्हाई, खरंच. मी त्या पोरींची आठवण काढती न रोज. कोण पायाळू झाल्ती, कोण लई येळ रडली न्हाई. मला मूलबाळ न्हाई, मंग त्यायचीच आठवण येती. आता बंद कराया बघती, तर जास्तच येती." तिनं दातांवरून जीभ फिरवली, बहुतेक तिच्या लक्षातही आलं नसेल. "लई दुखतं का हो दात पाडल्यावर?"

मी बाहेर आले आणि पुन्हा अप्पारावांकडं गेले. मी म्हणाले, उद्या दाताला हात लावायच्या आधी मला एकदा पोरींना पाणी पाजू द्या, बास. ते म्हणाले, "मी मना करणार न्हाई. पण माझ्या तोंडून म्हणवून घेऊ नका."

शनिवारी सकाळी पारावर पाट मांडला होता. पाटावर पक्कड होती, तिला हळद-कुंकू वाहिलेलं. सुतारकामाची साधी पक्कड, पण तिला कुंकू लावल्यावर ती कोणाचीच राहिली नव्हती. पोरी ओळीनं बसल्या होत्या आणि उचक्या परत सुरू झाल्या होत्या. बाबा म्हणाला, बघा, रात्रीतून धागा बांधला. दोन बायांनी साळूबाईला दंडाला धरून आणलं. तिनं अंग सोडून दिलं होतं. धरलं नसतं तरी ती आली असती.

मी उठले. "पाटील, आधी एकदा मला पाणी पाजू द्या पोरींना. नाव चुकलं असेल तर खरी सुटून जाईल."

बाबा फिरला. "तीर्थाला कोणी हात लावायचा न्हाई. आन् ह्या बाईच्या घरात तर देव बी न्हाई."

सगळ्या गावानं अप्पारावांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, संपलं. मग ते खाली बघतच म्हणाले, "पाजू द्या. पाणीच तर हाये."

एवढ्या एका वाक्यानं गर्दीत काहीतरी सैल झालं. दोघं-तिघं म्हणाले, "हां, पाजू द्या." तेच दोघं-तिघं क्षणापूर्वी गप्प होते.

मी हापशाचं पाणी पेल्यात भरून घेतलं. बेबीनंदाला नाक दाबायला सांगितलं. "सात घोट, मधे थांबायचं नाही." पाचव्या घोटाला मी माझं स्वतःचं नाव घेतलं, "पुष्पा."

उचकी थांबली.

मी काय ठरवून ठेवलं होतं ते सगळं त्या शांततेत विसरले. मागून कोणीतरी म्हणालं, "सिस्टरच हाये मंग." दुसरं कोणी म्हणालं, "सुई बी तिनंच टोचल्ती." बसलेली माणसं उठायला लागली. पुढच्या रांगेतल्या एकानं पक्कड उचलली. मी त्याला ओळखत होते, त्याच्या बायकोचं बाळंतपण मीच केलं होतं. पण त्याचे डोळे मला ओळखत नव्हते. पळावं असं वाटलं, पण पळायला रस्ता नव्हता, म्हणून तोंडातून एवढंच निघालं, "आता दुसरी."

दुसरीला पेला देताना घाईत निम्मं पाणी सांडलं. मी म्हणाले, "अप्पाराव." पोरीला लगेच उचकी आली. कोणीतरी वाईट हसलं. मी पेला पुन्हा भरला, या वेळी तिचं नाक मीच दाबून धरलं, सातही घोट पुरे होऊ दिले. "अप्पाराव." उचकी थांबली. लोक पाटलांकडं बघायला लागले. पक्कड घेतलेला माणूस जागीच थांबला.

तिसरीला मी म्हणाले, "मच्छिंद्र." थांबली.

"हे चेटूक हाये," बाबा म्हणाला. "माझ्यावर उलटवून राह्यली."

चौथीला पेला दिला आणि मी देवळाकडं तोंड केलं. "मारुती."

चौथीचीही उचकी थांबली. सगळे शेंदूर लावलेल्या मूर्तीकडं बघत उभे राहिले. मग अप्पाराव पहिल्यांदा मान वर करून बोलले, "आता कसं करायचं, बाबा? देवाचे बी दात पाडायचे का?"

एक म्हातारी हसली. मग आणखी कोणी. आणि माणसं हसली तशी माझी जीभ सुटली. मी सांगितलं, काल बाबानं दहा-बारा नावं घेतली तेव्हा पाणी दिलं का? आठवा. पाणी कोणत्या नावाला दिलं? श्वास कोंडला की उचकी थांबते, त्या वेळी कोणाचंही नाव घ्या, माझं घ्या, मारुतीचं घ्या, बाबाच्या कोटाचं घ्या. आणि साळूबाईचं नाव त्याला कोणी सांगितलं? ध्यान लावून कळलं का? हॉटेलात बसून तुम्हीच सांगितलंत. तुमचंच बोलणं त्यानं तुम्हाला तांब्यातून परत पाजलं. मग सोमवारचं माझं, सुईचं आणि थट्टेचं, तेही सांगितलं. ते सांगताना पकडीकडं बघायचं मी टाळलं.

"पण पोरींला उचकी लागलीच कशी?" कडूबानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होता.

मी काही बोलायच्या आत बेबीनंदा उभी राहिली. "दादा, माझी सोमवारीच थांबल्ती," ती म्हणाली. "समद्यायची चालू व्हती म्हणून मला बी येत राह्यली." ती रडायला लागली. दुसरी पोर तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माझी बी एकटी असले की येत न्हाई." मग तिसरी म्हणाली. जशा उचक्या एकीपासून दुसरीला लागल्या होत्या तसंच आता खरं बोलणंही लागत गेलं. नवव्या पोरीपर्यंत पोचलं तेव्हा पारावर एकही उचकी उरली नव्हती आणि कोणाचंही नाव घ्यावं लागलं नव्हतं.

इथं गोष्ट संपली असं वाटेल. मलाही वाटलं. पण पक्कड घेतलेला माणूस बाबाकडं वळला आणि मागून आवाज आला, "ह्याचेच पाडा." दहा माणसं पुढं सरली. मघाचीच माणसं, मघाचेच डोळे. मी आणि अप्पाराव मध्ये उभे राहिलो. पाटलांनी या वेळी खाली बघितलं नाही. "कोण म्हणतं पाडा म्हणून? पुढं या, नाव सांगा," ते म्हणाले. कोणी पुढं आलं नाही. बाबाला दुपारच्या गाडीनं ठाण्यात नेऊन बसवलं. जाताना त्याचा कोट पारावरच राहिला, आणि तो त्याला गावातल्या कोणी दिला होता ते कोणीच सांगेना.

संध्याकाळी साळूबाई उपकेंद्रात आली. नेहमी उंबऱ्याजवळ बसायची तशीच बसली. मी चहा ठेवला. बराच वेळ ती पोरींबद्दल बोलत राहिली, कोणाला भूक लागली, कोण झोपली. मग सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "बाई, सुईचं तर तुमाला पहिल्या दिसापासून ठावं व्हतं. मंग तुमी तवाच का बोलल्या न्हाई?"

"भ्याले होते, साळूबाई," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "भ्याले तर मी बी व्हते. पण दात माझे व्हते."

तिनं मला बोल लावला नाही. चहा पिऊन, पेला विसळून ती घरी गेली. तिनं रागावून चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

म्हणून हे सांगत आहे. बाबांचा धंदा तांब्यावर चालत नाही. तो आपल्या गप्प बसण्यावर चालतो. आपण प्रत्येक जण मनात म्हणतो की मला पटत नाही, आणि बाकीच्यांना पटतंय असं धरून चालतो. बाकीचेही आपल्याकडं बघून तेच धरून चालतात. तेव्हा गाव म्हणतंय असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर त्याला गावातल्या एका माणसाचं नाव विचारा आणि त्या माणसाला जाऊन भेटा. कोणी चमत्कार दाखवला तर बघा की त्यानं तो एकाच नावाला दाखवला की सगळ्या नावांना. आणि तुम्हाला काही पटत नसेल तर ते त्याच दिवशी, हळू आवाजात का होईना, बोलून टाका. भीती वाटली तरी बोला. तुमच्या गप्प बसण्याचं दुखणं दुसऱ्या कोणाला तरी सोसावं लागतं.